टिपणे



‘टिपणे’ हे मराठीतलं एक गमतीचं क्रियापद आहे. चिमणी अंगणातले दाणे टिपते. शिकारी नेम धरून पाखरू टिपतो. आणि हल्ली जो तो मोबाईल वर करून क्षण टिपतो. (शाई टिपणारा टिपकागद हा चौथा अर्थ, पण तो आता माझ्या पिढीबरोबरच जाणार.) वर्गात मुलांना शब्दांचे अर्थ सांगताना मी हे तिन्ही ओळीने फळ्यावर लिहीत असे. ते एकमेकांच्या इतके जवळचे असतील, हे मात्र निवृत्तीनंतर हातात कॅमेरा आला तेव्हाच ध्यानात आलं.

मुलाने झूमवाला कॅमेरा आणून दिला आणि साताऱ्यातल्या घराच्या मागच्या अंगणात माझा नवा उद्योग सुरू झाला, हे नातेवाइकांना ठाऊक आहेच. दुपारी फोन केला तर मी उचलत नाही ही त्यांची तक्रार आहे. पण इतिहासाच्या मास्तरणीला नुसते फोटो काढून चैन पडेना. पहिल्यांदा हे कोणी केलं? पाखरू जवळ कसं आणलं? वाचता वाचता जे हाती लागलं ते आज लिहिते आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

पाखरांना खाऊ घालणं आपल्याकडे नवीन नाही. पितृपक्षात काकबळी ठेवतात, कावळा शिवेपर्यंत सगळं घर माना वर करून उभं असतं. कोकणात नव्याच्या पौर्णिमेला दाराला भाताच्या लोंब्या बांधतात आणि चार दिवसांत चिमण्या त्या फस्त करतात. लहान मूल जेवत नसेल तर त्याच्या पानातला एक घास चिऊचा आणि एक काऊचा असतोच. पण हे सगळं देणं झालं. पाखरू जवळ आलं की त्याच्याकडे निरखून बघत बसावं म्हणून कोणी दाणे टाकत नव्हतं. आमच्या आजीने आयुष्यभर तांदळाच्या कण्या टाकल्या, पण ती कण्या टाकून आत निघून जायची.

पाखराला मुद्दाम जवळ आणायचं, त्यासाठी दबा धरून बसायचं आणि त्याची प्रत्येक सवय पाठ करायची, हे काम आपल्याकडे पारध्याचं. फासेपारधी तित्तर धरायचे ते पाळलेल्या तित्तराच्या मदतीने. पिंजऱ्यातला नर आरवला की त्या रानाचा मालक नर भांडायला धावून येतो आणि वाटेतल्या फाशात अडकतो. पारध्यांतलेच गायपारधी गाय किंवा बैल शिकवून तयार करत. जनावर चरत चरत सावकाश पुढे जातं आणि माणूस त्याच्या आडोशाने सरकत राहतो. हरणाला, तित्तराला बैलाची भीती नसते. बैलाच्या पलीकडे कोण आहे ते त्याला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

आता इथून एकदम इंग्लंडात जायचं आहे, पण बैल सोबत घेऊनच.

यॉर्कशायरच्या डोंगराळ भागात थ्वेट नावाचं एक लहान खेडं आहे. तिथल्या शेतकऱ्याचे दोन मुलगे, रिचर्ड आणि चेरी कीर्टन. रिचर्ड लहानपणी घरटं बघायला झाडावर चढला, पडला आणि जन्माचा लंगडा झाला. पुढे दोघंही लंडनला प्रकाशनाच्या धंद्यात नोकरीला लागले. १८९२ साली चेरीने एका थ्रश पक्ष्याच्या घरट्याचा अंड्यांसकट फोटो काढला आणि तिथून दोघांना जे वेड लागलं ते लागलंच. १८९५ मध्ये त्यांचं ब्रिटनमधल्या पक्ष्यांच्या घरट्यांवरचं पुस्तक आलं. त्यातली चित्रं प्रत्यक्ष जागेवर जाऊन घेतलेले फोटो होते, आणि निसर्गावरच्या पुस्तकात ही गोष्ट तेव्हा अगदी नवी होती.

लाकडी कॅमेरा, तिकाटणं, काचेच्या जड प्लेटा, डोक्यावर काळं कापड. एवढा संसार घेऊन पाखराजवळ जायचं कसं? या भावांनी गवताची गंजी करून आत बसून पाहिलं, खोटे खडक केले. सन १९००च्या सुमारास तर त्यांनी चक्क बैलाचं कातडं लाकडी सांगाड्यावर चढवून पोकळ बैल तयार करवला. माणूस आत वाकून उभा राहणार आणि भिंग बैलाच्या अंगातल्या भोकातून बाहेर डोकावणार! एकदा आत उभं राहून राहून रिचर्डला भोवळ आली आणि बैल चारी पाय वर करून आडवा झाला. चेरीने भावाला बाहेर काढण्याआधी त्याचा फोटो काढून घेतला म्हणतात. (भाऊ म्हणजे भाऊच.)

कीर्टनांनी गायपारध्यांबद्दल काही ऐकलं असेल असं मला वाटत नाही. पण दोन टोकांवरच्या माणसांना सुचलं ते एकच. फरक एवढाच की पारध्याचा बैल जिवंत होता. मात्र कीर्टनबंधूंचं नाव छायाचित्रणाच्या इतिहासात पहिल्या पानावर येतं आणि इकडे पारध्यांच्या वाट्याला १८७१चा ‘गुन्हेगार जमातीं’चा कायदा आला. पुढे तो टप्प्याटप्प्याने देशभर पसरला आणि जन्मतःच गुन्हेगार हा शिक्का १९५२ पर्यंत पुसला गेला नाही. शाळेत हा धडा शिकवताना माझ्या वर्गात पारध्याचं मूल कधी आलं नाही. ते का आलं नाही, हाही त्याच धड्याचा भाग होता.

असो. कॅमेऱ्याकडे येते.

तुमच्या मनात आलं असेल की पहिला फोटो घरट्याचाच का? उत्तर अगदी साधं आहे. घरटं उडत नाही. त्या काळच्या प्लेटा मंद होत्या, प्रकाश पुरेसा लागायचा आणि भिंगं अशी की पाखरू मोठं दिसायला अगदी चार-सहा हातांवर जावं लागे. जंगलातला पक्षी एवढ्या जवळ कुठे आणि कधी येईल हे कोण सांगणार? एकच जागा अशी की जिथे तो दिवसातून शंभर वेळा न चुकता परत येतोच. ती जागा म्हणजे पिल्लांची उघडी चोच. म्हणून मग घरट्यासमोर लपण उभारायचं, ते रोज थोडं थोडं पुढे सरकवायचं, पाखराला त्याची सवय होऊ द्यायची आणि आत बसायचं. पुढची पन्नास वर्षं जगभरातले उत्तमोत्तम पक्षी-छायाचित्रकार हेच करत होते. दृष्टीआड येणारी फांदी बांधून बाजूला घेत, कधी छाटतही. पारधी दाण्यांचं आमिष लावत, यांचं आमिष पक्ष्याची पिल्लं होती. मारायचं नव्हतं, पण जवळ आणायची युक्ती तीच.

उडत्या पाखराचं टिपणही त्याआधी कोणी केलं नव्हतं असं नाही. एतियेन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाला पक्षी पंख कसे हलवतो ते समजून घ्यायचं होतं. त्यासाठी त्याने १८८२ साली एक कॅमेरा बनवला. त्याला नळी होती, दस्ता होता, खांद्याला लावून नेम धरायचा आणि घोडा ओढायचा. एका सेकंदात बारा चित्रं! बंदुकीशी कॅमेऱ्याचं नातं असं थेट आहे. मारेच्या त्या बंदुकीतून एकही पाखरू पडलं नाही.

या नादाची किंमत कधीकधी माणसालाही मोजावी लागली. एरिक हॉस्किंग हा ब्रिटनचा नावाजलेला पक्षी-छायाचित्रकार. १९३७ साली वेल्समध्ये रात्री तो घुबडाच्या घरट्याजवळच्या लपणाकडे चालला होता. पिल्लांची आई अंधारात आवाज न करता आली आणि तिने नख्यांनी वार केला. हॉस्किंगचा एक डोळा कायमचा गेला. तरी तो थांबला नाही, पुढची कित्येक वर्षं फोटो काढत राहिला आणि १९७० मध्ये आलेल्या आत्मचरित्राला त्याने नाव दिलं ‘ॲन आय फॉर अ बर्ड’. पक्ष्यासाठी नजर असणं आणि पक्ष्यापायी डोळा देणं, दोन्ही अर्थ त्यात आहेत. त्या घुबडिणीला कोणी दोष देऊ नये असं मला वाटतं. तिच्या दाराशी कोण आलं होतं?

आपल्याकडे याच काळात काय चाललं होतं? अंगणातल्या पाखरांविषयी जिव्हाळ्याने लिहिणारा एक माणूस तर आमच्या साताऱ्यात जन्मलेला. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, १८५१चा जन्म, बाप मिशनरी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्याने काही वर्षं लॅटिन शिकवलं आणि मग मुंबई इलाख्याच्या जकात आणि मीठ खात्यात नोकरी केली. ‘ईएचए’ या नावाने तो लिहीत असे. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांपैकी तो एक, आणि मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवरचं त्याचं पुस्तक १९००चं. तिकडे कीर्टन पोकळ बैलात शिरत होते तेव्हा इकडे हा गृहस्थ कावळे, घारी आणि चिमण्या न्याहाळून त्यांच्या स्वभावाविषयी खुसखुशीत लिहीत होता. सातारकरांना त्याचं नाव माहीत नाही याची मला खंत वाटते.

पण त्या काळात पक्षी ओळखायचा म्हणजे आधी पाडायचा, हीच रीत होती. दुर्बिणी साध्या, चित्रांची पुस्तकं दुर्मिळ, म्हणून पाखरू हातात घेतल्याशिवाय खात्री होत नसे. सालिम अलींची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, मामांनी त्यांना सोसायटीचे सचिव मिलार्डसाहेबांकडे पाठवलं आणि तिथे पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे बघून पोराचं आयुष्यच बदललं. ही टिपण्याचीच गोष्ट आहे. पण मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त आवडते. १९३० साली नोकरी गेलेली, मुक्काम अलिबागजवळच्या किहीमला. तिथे सुगरणींची वसाहत होती. ते महिनोन्‌महिने तिचं निरीक्षण करत राहिले. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर राहते, मग नर ते पुरं करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरं घरटं विणायला घेतो, हे तिथे उलगडलं. त्यासाठी एकही सुगरण पाडावी लागली नाही.

१९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं प्रसिद्ध पुस्तक आलं आणि माझ्यासारख्या कितीतरी जणांना त्याने घरबसल्या पक्षी ओळखायला शिकवलं. त्यांचा एक मित्र होता लोक वान थो, सिंगापूरचा, सिनेमागृहांचा मालक. १९४२ मध्ये जपानी आक्रमणातून पळताना त्याच्या बोटीवर बॉम्ब पडले. तो भाजला, काही काळ त्याची दृष्टीही गेली होती. तिथून तो हिंदुस्थानात आला, सालिम अलींना भेटला आणि पुढे पक्ष्यांच्या उत्तमातल्या उत्तम छायाचित्रकारांत गणला गेला. त्याचं ‘अ कंपनी ऑफ बर्ड्‌स’ १९५७चं. सात वर्षांनी तैवानमधल्या विमान-अपघातात तो गेला.

आणि पाखरं धरणाऱ्यांचं काय झालं? १९५९च्या सुमारास सोसायटीने स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचं मोठं काम हाती घेतलं. त्यासाठी पाखरं जिवंत आणि धडधाकट पकडायला हवीत. हे काम पदवीधरांच्या आवाक्यातलं नव्हतं. बिहारातल्या मीरशिकार जमातीचे अली हुसेन आणि त्यांचे भाऊबंद बोलावले गेले. बापजाद्यांनी बाजारात विकण्यासाठी वापरलेली जाळी आणि फास यांनी कडी घालून सोडून देण्यासाठी वापरले. आपल्याकडे मारुती चितमपल्लींनी (२०२५च्या जूनमध्ये ते गेले) पारध्यांकडून, आदिवासींकडून पक्ष्यांची नावं आणि सवयी गोळा केल्या, म्हणून त्या मराठीत राहिल्या. ज्यांनी पोटासाठी पाखरं टिपली त्यांनीच ती सर्वांत जवळून पाहिली होती.

आता माझ्या अंगणात या.

२०१९च्या पावसाळ्यात मागच्या अंजिराच्या दोन पानांना टाके घालून शिंप्याने घरटं केलं. अंगठ्याएवढा पक्षी, पण कापसाच्या आणि कोळ्याच्या धाग्याने शिवण अशी की आमच्या शिवणाच्या बाईंनी शाबासकी द्यावी. माझा एक जुना विद्यार्थी ते बघायला आला. फार गुणी मुलगा. हाताएवढी लांब लेन्स घेऊन आला होता. दोन तास बसला आणि मग म्हणाला, “बाई, हे वरचं एक पान मध्ये येतंय. तोडत नाही, नुसतं दोऱ्याने बाजूला बांधतो. दहा मिनिटं. स्पर्धेला पाठवण्यासारखा फोटो होईल.”

मी नको म्हटलं. त्याचा चेहरा उतरला. “जुने सगळे असंच करायचे ना? तुम्हीच सांगितलंत,” तो म्हणाला. बरोबर होतं त्याचं, मीच सांगितलं होतं. म्हणून मग त्याला बसवून चहा दिला आणि उरलेलं सांगितलं. ते पान म्हणजे त्या पिल्लांचं छप्पर आहे. ते सरलं की ऊन-पाऊस थेट आत. शिवाय समोरच्या भिंतीवर रोज सकाळी भारद्वाज फिरतो, त्याला दहा मिनिटं पुष्कळ होतात. कीर्टनांना घरट्याशिवाय इलाजच नव्हता, कारण त्यांच्या प्लेटा मंद आणि भिंगं आखूड. तुझ्या गळ्यात जे लटकतंय ते त्यांना मिळालं असतं तर ते बैलात कशाला शिरले असते? अडचण संपली, सवय तेवढी मागे राहिली. आता तर कितीतरी स्पर्धा घरट्यावरचे फोटो घेतच नाहीत.

तो काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी परत आला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत बसला. शिंपीण चोचीत हिरवी अळी घेऊन घरट्याकडे जाण्याआधी कपडे वाळत घालायच्या दोरीवर क्षणभर टेकायची. तिथे त्याने तिला टिपली. मागे माझं जुनं लुगडं निळंभोर पसरलेलं आहे. स्पर्धेत त्याला काही मिळालं नाही. पिल्लं आठवड्याभराने उडाली.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी विचारलं तर मी सांगते की दाण्यांपेक्षा पाण्याने सुरुवात करा. दाणे टाकले की आधी पारवे येतात आणि मग दुसऱ्या कोणाला येऊ देत नाहीत. (पारव्यांच्या दाण्यांवरून मुंबईत २०२५ साली दादरला काय रण माजलं ते आठवा.) थंडीत खाऊ घालण्याची पद्धत बर्फ पडतो त्या देशांतली. तिथे जमीन गोठली की पाखरं खरोखर उपाशी मरतात. आपल्याकडे हाल होतात ते एप्रिल-मेमध्ये, पाण्यावाचून. मातीचं पसरट परळ घ्या, पाणी बोटाच्या दोन पेरांहून खोल नको, मध्ये एक खडबडीत दगड ठेवा आणि पाणी रोज बदला, नाहीतर डासांची सोय होईल. झुडूप जवळ असावं म्हणजे पाखराला पळायला जागा मिळते, पण अगदी चिकटून नको, तिथे मांजर दबा धरते. माझ्याकडे कढीपत्त्याच्या काळ्या फळांवर बुलबुल आणि कोकीळ येतात, जास्वंदीवर शिंजीर.

परळाशेजारी कुंडीत एक वाळकी फांदी खोचून ठेवा. पाखरू एकदम पाण्यावर उतरत नाही, आधी उंचावर बसून चारी दिशा बघतं. तुमचा फोटो तिथे. खिडकीला पडदा आणि पडद्याला फट, एवढं लपण पुरतं. सकाळचं ऊन आपल्या पाठीमागून यावं, शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाहून मंद नको आणि फोकस डोळ्यावर. डोळा स्पष्ट आला तर बाकीचं थोडं पुसट चालतं. मोबाईलवर आवाज लावून पाखराला बोलावू नका. तित्तराचा पिंजरा आणि हे यांत मला तरी फरक दिसत नाही. वेडा जीव प्रतिस्पर्धी आला समजून विणीच्या दिवसांत घरदार सोडून भांडायला येतो.

लाकडी घरटी टांगण्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय. जर्मनीतल्या बेर्लेप्श नावाच्या सरदाराने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सुताराच्या ढोलीची हुबेहूब नक्कल करून ती बनवायला सुरुवात केली. आपल्याकडे नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्यामुळे चिमण्यांची घरटी घरोघर पोचली. २० मार्चचा चिमणी दिवसही त्यांच्याच प्रयत्नांतून, २०१० पासून. भोक बत्तीस मिलिमीटरचं हवं. त्याहून मोठं केलंत तर साळुंकी ताबा घेते.

नातेवाइकांना एक काम सांगायचं आहे. मध्यंतरी आपल्या घरचे सगळे जुने अल्बम काढून बसले होते. काकांकडे आगफाचा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो, रोल महाग, धुलाई त्याहून महाग. त्यामुळे मुंजी, लग्नं, बारशी, सत्यनारायण, एकदा महाबळेश्वर. पाखरासाठी बारातला एक घालवणं कोणाच्या स्वप्नातही येणार नव्हतं आणि घातला असता तरी त्या कॅमेऱ्यात चिमणी मोहरीएवढी दिसली असती. तरी १९६४च्या आत्याच्या लग्नाच्या एका फोटोत, मांडवाच्या मागे कौलांवर, दोन ठिपके आहेत. भिंगातून पाहिलं. चिमण्या आहेत, एक नर आणि एक मादी. त्या घरात आढ्याला, आरशामागे, बाप्पांच्या तसबिरीमागे चिमण्यांची घरटी असायची आणि त्यांतलं एकही फोटोत नाही. कोणाकडे त्या काळच्या फोटोत चुकून आलेलं एखादं पाखरू असेल तर मला पाठवा. मूळ फोटो नको, मोबाईलवर काढून पाठवलं तरी चालेल.